हेड परत उघडायच्या आधी: घरी गॅस्केट बदलल्यावर इंजिन त्रास देत असेल तर

हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्यावर बसणारं हेड यांच्यामधलं पॅकिंग) बदलून झालं, गाडी चालू झाली आणि पाचच मिनिटांत काहीतरी खटकायला लागलं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, किंवा इंजिन थरथरतंय, किंवा टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्याकडे निघालाय. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि मनात एकच येतं: गॅस्केट चुकलं, हेड परत काढावं लागणार.

लगेच पाना उचलू नका. एकदा दाबलं गेलेलं गॅस्केट परत वापरायचं नसतं. म्हणजे हेड उघडलं की आतलं नवं, कदाचित अगदी ठणठणीत गॅस्केटही भंगारात. मी पहिल्या खेपेला नेमकं हेच केलं. इंजिन सुरू व्हायचं नाही, कार्बोरेटरमधून फटाके वाजायचे. दुसऱ्या दिवशी हेड उतरवलं, तर गॅस्केटला काहीही झालेलं नव्हतं. आणखी एक गॅस्केट आणून सगळं परत जोडलं, तरी फटाके चालूच. शेवटी शेजारचे काका बॉनेटमध्ये डोकावले आणि म्हणाले, "दोन आणि तीनच्या वायरी उलट्या लावल्यास का रे?" तेवढंच होतं.

हेड काढायचं म्हणजे टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅम जोडीने फिरवणारा पट्टा), डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा), प्लगच्या वायरी, कार्बोरेटर, इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, कूलंटचे चार-पाच पाइप, पेट्रोलचे पाइप, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, अर्थची पट्टी, टेम्परेचर सेन्सरची वायर एवढ्या सगळ्याला हात लागतो. गॅस्केट ही त्यातली एक गोष्ट. बाकीचं सगळं हेड न उघडता तपासता येतं. म्हणून तपासायचा क्रम बाहेरून आत ठेवायचा, आणि चाचणीने सिद्ध होईपर्यंत गॅस्केटवर आळ घ्यायचा नाही.

उदाहरणाला मी कार्बोरेटरवाली मारुती ८०० घेतोय. ८०० हे मॉडेल डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ एवढा काळ बनत होतं (सगळ्या गाड्या कार्बोरेटरवाल्या नव्हत्या), ७९६ सीसीचं तेच तीन सिलिंडरचं इंजिन ओम्नीतही आलं, आणि घरच्या अंगणात हेड उतरवायला शिकलेल्यांपैकी बऱ्याच जणांची ती पहिली शाळा. खाली बिडाचा ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचं हेड. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. या दोघांच्या ओढाताणीत सापडतं ते मधलं गॅस्केट. गाडी एकदा जरी सणकून तापली, तरी आधी हेड वाकतं आणि मग गॅस्केट जातं. तुमची गाडी दुसरी असेल तरी तपासणीचा क्रम बदलत नाही, आकडे मात्र तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले घ्या.

पहिली पायरी: कागद आणि पेन

हसू नका. काम करताना काय काय सोडवलं याची यादी लिहा आणि प्रत्येकासमोर "परत लावलं, बघितलं" अशी खूण करा. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढले असतील तर ते समोर ठेवा. इंजिनाच्या मागच्या बाजूने बॉडीला जाणारी अर्थची पट्टी हमखास विसरली जाते. ती नसेल तर स्टार्टर मरगळल्यासारखा फिरतो आणि माणूस बॅटरीला दोष देतो.

यादी करताना एखादी नळी किंवा कनेक्टर मोकळा लोंबताना दिसला, तर निम्मी दुरुस्ती तिथेच झाली.

दुसरी पायरी: चालू करण्याआधी हाताने फिरवा

आधीच स्टार्टर मारून झाला असला तरी हे एकदा करा. गाडी न्यूट्रलमध्ये, किल्ली बंद, तिन्ही प्लग बाहेर. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) पुलीच्या बोल्टवर सॉकेट लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे टणक काहीतरी अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका. बेल्टचं टायमिंग चुकून व्हॉल (व्हॉल्व्ह) पिस्टनला भिडत असेल, किंवा सिलिंडरमध्ये काहीतरी पडलं असेल. पोर्टमध्ये कोंबलेला चिंधीचा बोळा तिथेच राहिल्याच्या गोष्टी प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात.

मग प्लग बाहेरच ठेवून, कॉइलची वायर काढून, थोडा स्टार्टर मारा. प्लगच्या भोकातून पाणी उडालं तर काम सुरू व्हायच्या आधीच उत्तर मिळालं: कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय. प्लग लावून तसाच स्टार्टर मारला असता तर पाणी दाबलं जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकला असता. जोडणी करताना सांडलेले चार थेंब एकदाच उडतात आणि संपतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. कूलंट भरून अर्धा तास गाडी तशीच ठेवल्यावर परत उडालं, तर ते खरं.

याच वेळी ऑइलचा लाल दिवा विझतो का तेही बघा. पाच-दहा सेकंदांचे दोन-तीन स्टार्टर मारूनही तो विझत नसेल तर इंजिन चालू करू नका. काही गॅस्केटं उलटी बसू शकतात आणि मग ऑइलचं वर जाणारं भोक झाकलं जातं. ज्या गॅस्केटवर वरची बाजू सांगणारी खूण असते, ती खूण बसवताना हेडकडेच असायला हवी होती. शंका असेल तर टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) काढून स्टार्टर मारून बघा. थोड्या वेळात रॉकरवर (व्हॉल दाबणाऱ्या दांड्यांवर) ऑइल पाझरताना दिसलं पाहिजे. कोरड्या कॅमशाफ्टवर (रॉकर हलवणाऱ्या दांड्यावर) गाडी चालवली तर गॅस्केटच्या खर्चाला हेडचा खर्च जोडला जातो.

तिसरी पायरी: सुरूच होत नसेल तर

तीन प्रश्न. करंट आहे का, पेट्रोल पोचतंय का, आणि टायमिंग बरोबर आहे का.

करंट बघायला एक प्लग बाहेर काढून वायरीला लावा, त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. हातात रबरी मुठीची पक्कड असू द्या आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नको. ठिणगी निळसर, खणखणीत हवी. ठिणगी आहे पण इंजिन फटाके वाजवतंय, तर वायरींचा क्रम बघा. या इंजिनाचा क्रम १-३-२ आहे आणि एक नंबरचं सिलिंडर टायमिंग बेल्टच्या बाजूचं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते आधी बघा आणि त्याच दिशेने वायरी मोजा. मी ही तसदी घेतली नव्हती.

दुसरी नेहमीची चूक एका फेऱ्याची. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, त्यामुळे क्रँक पुलीची खूण वर असणं पुरेसं नाही. एक नंबरचा पिस्टन कंप्रेशनच्या फेऱ्यात वर आलाय की एक्झॉस्टच्या, हे बघावं लागतं. टॅपेट कव्हर काढा. एक नंबरचे दोन्ही रॉकर हाताने हलतात, म्हणजे दोन्ही व्हॉल बंद आहेत आणि हा कंप्रेशनचा फेरा. या स्थितीत रोटरचं तोंड एक नंबरच्या वायरीकडे हवं. डिस्ट्रिब्युटर हेडच्या टोकाला, कॅमशाफ्टवर चालतो. तो काढताना खूण केली नसेल तर अर्धा फेरा चुकवून बसवणं अगदी सोपं आहे.

बेल्टच्या खुणा तपासताना कॅम पुलीची आणि क्रँकची अशा दोन्ही खुणा एकाच वेळी जुळायला हव्यात, तेही हाताने दोन फेरे फिरवून परत त्याच जागी आणल्यावर. बेल्ट चढवताना खूण जुळते आणि टेन्शनर सोडल्यावर एक दात सरकतो, हे फार वेळा होतं. एक दात चुकला तरी इंजिन सुरू होतं, पण पिकअप राहत नाही आणि चढावर गाडी मान टाकते.

पेट्रोलचं फार लांबण लावत नाही. या गाडीचा पंप यांत्रिक आहे, कॅमशाफ्टच त्याला चालवतो. कार्बोरेटर रिकामा झालेला असल्यामुळे पहिल्यांदा बराच वेळ स्टार्टर लागतो. येणारा आणि परत टाकीत जाणारा असे दोन पाइप अदलाबदल तर झाले नाहीत ना, एवढं पाहा.

चौथी पायरी: चालतं, पण मिसिंग आहे

इंजिन स्लोवर (पाय न देता) चालू असताना एकेका प्लगची वायर काढून बघण्याची जुनी पद्धत सगळ्यांना माहीत असते. झटका नको असेल तर इंजिन बंद करून वायर काढा, ती दुसऱ्या प्लगला लावून अर्थ द्या आणि मग चालू करा. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर काम करत नाहीये. त्याचा प्लग शेजारच्याशी बदला. बिघाड प्लगबरोबर सरकला तर प्लग बदला आणि चहा प्या.

सरकला नाही तर टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल यांच्यातली फट. हेड उतरवल्यावर बरेच जण व्हॉल घासून बसवतात. घासल्यावर व्हॉल सीटमध्ये थोडा आत जातो आणि त्याची दांडी वरच्या बाजूला तेवढीच पुढे येते, म्हणजे रॉकरखालची फट कमी होते. जुन्या सेटिंगवरच काम उरकलं असेल तर तापल्यावर व्हॉल पूर्ण मिटत नाही. लक्षण मजेशीर असतं: थंड असताना इंजिन छान, तापलं की मिसिंग. फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पानांनी) प्रत्येक सिलिंडर त्याच्या कंप्रेशनच्या वरच्या टोकाला आणून फट मोजा. थंड इंजिनाचा आकडा वेगळा आणि गरम इंजिनाचा वेगळा, मॅन्युअलमध्ये दोन्ही असतात. एकाचा आकडा दुसऱ्या वेळी वापरू नका. टकटक आवाज येत असेल तर फट जास्त आहे. तो आवाज कानाला त्रास देतो, पण कमी फट व्हॉल जाळते. दोन्हींत निवडायचंच झालं तर टकटक परवडली.

स्लो वर-खाली होतोय आणि अॅक्सिलरेटर दिला की बरं चालतं, तर कुठूनतरी चोरून हवा ओढली जातेय. इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग, कार्बोरेटरखालचं पॅकिंग आणि व्हॅक्यूमच्या नळ्या हे संशयित. साबणाचं पाणी फवारणीच्या बाटलीत भरून सांध्यांवर मारा, प्लग आणि डिस्ट्रिब्युटर वाचवून. ज्या जागी मारल्यावर आवाज बदलतो, ती जागा. काही जण पेट्रोल शिंपडून हे करतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी पेट्रोल शिंपडणाऱ्याच्या धाडसाला नमस्कार, पण तुम्ही करू नका.

फुस-फुस आवाज येत असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा सैल राहिलेला प्लग. नवखा माणूस हाच आवाज ऐकून "गॅस्केट फुटलं" म्हणतो.

पाचवी पायरी: धूर

इथे घाई सगळ्यात महागात पडते. हेड उचललं तेव्हा थोडं कूलंट सिलिंडरमध्ये आणि एक्झॉस्टमध्ये उतरलंच होतं. ते सायलेन्सरमध्ये साचून राहतं आणि गाडी पहिल्यांदा तापली की वाफ होऊन बाहेर पडतं. त्यात मॅनिफोल्डला लागलेले ऑइलचे हात जळतात, त्याचा वेगळाच धूर बॉनेटमधून. वीस-तीस मिनिटं चांगली तापवा, शक्यतो एक चक्कर मारून या. पावसाळ्यात आणि थंडीत सकाळी तर चांगल्या इंजिनातूनही पांढरी वाफ दिसते.

फरक असा ओळखायचा. साधी वाफ सायलेन्सरपासून हातभर अंतरावर विरून जाते. जळणाऱ्या कूलंटचा धूर दाट असतो, रेंगाळतो आणि त्याला गोडसर वास येतो. अर्ध्या-पाऊण तासानंतरही तो तसाच असेल आणि कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरत असेल, तर पुढच्या पायऱ्या गंभीरपणे घ्या. निळसर धूर ऑइलचा, बहुतेक व्हॉलचे सील नीट बसले नाहीत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. चोक ओढलेला राहिला असेल, किंवा त्याची केबल परत लावताना ताणून बसली असेल.

एक जागा मात्र इथे सांगायलाच हवी, कारण ती हुबेहूब फुटक्या गॅस्केटची नक्कल करते. कार्बोरेटरवाल्या ८०० मध्ये इनटेक मॅनिफोल्डमधूनही गरम कूलंट फिरतं. त्याचं पॅकिंग गळालं तर कूलंट थेट इनटेकमध्ये जातं आणि सिलिंडरमध्ये जळतं. पांढरा धूर, उतरणारी पातळी, धुतल्यासारखा स्वच्छ प्लग, सगळी लक्षणं तीच. हेड मात्र निर्दोष. मॅनिफोल्डला कूलंटचा पाइप येतो का ते बघा. येत असेल तर हेडआधी ते पॅकिंग काढून पाहा, अर्ध्या दिवसाचंही काम नाही.

सहावी पायरी: कूलंट, हवा आणि काटा

गॅस्केट बदलल्यावर गाडी तापण्याचं सगळ्यात मोठं कारण गॅस्केट नसतं, आत अडकलेली हवा असते. रिकाम्या इंजिनात कूलंट ओतलं की वरच्या भागात हवेचे फुगे कोंडतात. हेडमध्ये फुगा असेल तर तेवढी जागा थंडच होत नाही, आणि टेम्परेचर सेन्सर फुग्यात असेल तर काटा खोटं बोलतो.

हवा काढायची पद्धत साधी आहे, फक्त सबुरी हवी. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, म्हणजे रॅडिएटरचं तोंड सगळ्यात वर येतं. हीटर असेल तर त्याची दांडी गरमवर. थंड इंजिनात, रॅडिएटरचं झाकण उघडं ठेवून, कूलंट बारीक धारेने भरा आणि मधूनमधून वरचा पाइप हाताने दाबत राहा. मग इंजिन स्लोवर सोडा. थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटला रॅडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडेपर्यंत वरचा पाइप गार राहील. थर्मोस्टॅटच्या अंगावर उघडण्याचं तापमान छापलेलं असतं, बहुतेक वेळा ८२ किंवा ८८ अंश. उघडला की पाइप एकदम गरम होतो, पातळी खाली जाते आणि फुगे येतात. भरत राहा. फुगे थांबले आणि पंखा एकदा स्वतःहून चालू होऊन बंद झाला की झाकण लावा. तापून झाकणाला दाब आल्यावर मात्र ते कधीही उघडायचं नाही, फडक्याने धरूनसुद्धा नाही. उकळतं कूलंट चेहऱ्यावर येतं.

आता खरा प्रश्न: हे फुगे कोंडलेल्या हवेचे, की गॅस्केटमधून निसटणाऱ्या जळक्या वायूचे? हवेचे फुगे पंधरा-वीस मिनिटांत संपतात. वायूचे संपत नाहीत, रेस दिली की वाढतात. याहून खात्रीची चाचणी रात्रभर थंड झालेल्या गाडीवर होते. सकाळी झाकण उघडून परत लावा, म्हणजे उरलासुरला दाब जाईल. इंजिन चालू करा आणि एक मिनिटाच्या आत रॅडिएटरचा वरचा पाइप दाबून बघा. एवढ्या वेळात कूलंट तापलेलं नसतं, त्यामुळे पाइप मऊच हवा. तो दगडासारखा टणक झाला तर दाब तापल्यामुळे आलेला नाही, सिलिंडरमधून आलाय. गॅस्केट किंवा हेडची चीर, दोन्हींपैकी एक.

बऱ्याच गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची नळी असते. ती रॅडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा द्रवातून ओढतात. जळका वायू असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळा रंग पिवळा होतो. द्रवात कूलंट जाऊ देऊ नका, नाहीतर निकाल बिघडतो. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे ही नळी असेल तर दहा मिनिटांसाठी मागा, तो नाही म्हणणार नाही.

फुगे नाहीत, पाइप मऊ आहे, तरी काटा चढतोय? मग पहिलं गॅस्केट ज्या कारणाने गेलं होतं ते कारण अजून गाडीतच आहे. थर्मोस्टॅट काढून पातेल्यात दोरीने लटकवा आणि पाणी तापवत न्या. छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडलाच पाहिजे. पंख्यासाठी रॅडिएटरच्या बाजूचा थर्मो स्विच सोडवून त्याच्या दोन वायरी तारेच्या तुकड्याने जोडा, किल्ली चालू करा. पंखा फिरला तर पंखा ठीक आणि स्विच खराब. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर.

आणि रॅडिएटरचं झाकण. या स्वस्त वस्तूकडे कोणी बघत नाही. ०.९ किलोचं (चौरस सेंटिमीटरला) झाकण दाब धरतं, त्यामुळे आतलं पाणी ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं, दाब निसटला, की उकळबिंदू खाली येतो. माझी चाचणीची जागा पसरणी घाट. वाईहून चढायला लागलं की पाचगणीपर्यंत इंजिनाला उसंत नसते, आणि सुमारे १३०० मीटरवरच्या पाचगणीत उघड्या भांड्यातलं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. गावात दिवसभर शांत राहणारा काटा तिसऱ्या-चौथ्या वळणावर वर सरकला, तर मी आधी झाकण बदलतो.

सातवी पायरी: ऑइल

डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर गाडी चालवू नका. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगं खातं. पण हेड काढताना थोडं कूलंट ऑइलमध्ये पडणं अटळ आहे, म्हणून काम झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलायचेच. तसं केलं नसेल तर आता बदला, पंधरा मिनिटं इंजिन चालवा आणि परत पाहा. नव्या ऑइललाही तोच रंग आला तर गळती चालू आहे.

फक्त ऑइलच्या झाकणाखाली, ताकावर येतं तसं लोणी जमलंय आणि डिपस्टिक स्वच्छ आहे, तर तो पावसाळी दमटपणा आणि जवळच्या फेऱ्यांचा परिणाम. पुसून टाका, लांब चक्कर मारा.

आठवी पायरी: कंप्रेशन

इथपर्यंत सगळं बघून झालं आणि संशय आतच वळतोय, तर आता मोजमाप: प्लगच्या भोकात कंप्रेशन गेज लावून स्टार्टर मारल्यावर सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते. इंजिन तापलेलं, बॅटरी भरलेली, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, आणि स्टार्टर मारणाऱ्याने अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. अॅक्सिलरेटर न दाबल्यामुळे तिन्ही आकडे कमी येतात आणि घरात सुतकी वातावरण पसरतं, असं मी पाहिलंय.

आकड्यापेक्षा तिघांमधला फरक बोलका असतो. समजा तिन्ही १२ किलोच्या (चौरस सेंटिमीटरला) आसपास आहेत: आतलं सगळं ठीक, बाहेर शोधा. १२, ६, ६ आले: दोन आणि तीनच्या मधली गॅस्केटची भिंत गेली. तीन सिलिंडरच्या इंजिनात शेजारशेजारचे दोन एकदम पडले की हाच अर्थ. १२, १२, ७ आले: तिसऱ्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजा. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल किंवा गॅस्केट. तिन्ही सारखेच पडलेले, म्हणजे ८, ८, ८: बेल्टचा दात.

गेज नाही पण हवेचा कॉम्प्रेसर जवळ आहे, तर आणखी चांगलं. प्लगच्या भोकात बसणारा नळीचा जोड घ्या, त्या सिलिंडरचा पिस्टन कंप्रेशनच्या वरच्या टोकाला आणा आणि थोड्या दाबाने हवा सोडा. इंजिन अचानक फिरू शकतं, त्यामुळे क्रँकवर पाना अडकवून ठेवू नका आणि बेल्टजवळ हात नको. मग कान लावा. कार्बोरेटरमधून सूं आवाज आला तर इनटेक व्हॉल. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल. डिपस्टिकच्या नळीतून आला तर रिंगा. शेजारच्या प्लगच्या भोकातून हवा आली किंवा रॅडिएटरमध्ये बुडबुडे उठले, तर आता हेड उघडायला हरकत नाही.

उघडायचंच ठरलं तर

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय बोल्टला हात लावू नका. गरम हेड सोडलं तर तिथेच वाकतं. बोल्ट बाहेरून आत या क्रमाने, थोडेथोडे ढिले करा.

जुनं गॅस्केट फेकू नका. त्यावर बिघाडाचं ठिकाण लिहिलेलं असतं. सिलिंडरच्या कड्याला जळक्या काळ्या वाटेची रेघ दिसेल, किंवा पाण्याच्या भोकाकडे गेलेला डाग. ती जागा हेडवर आणि ब्लॉकवर जुळवून पाहा.

मग सपाटपणा. सरळ धारेची पट्टी हेडवर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फिलर गेज घाला. अशा छोट्या अॅल्युमिनियम हेडना ०.०५ मिमीची मर्यादा धरतात. त्याहून जाड पान खाली गेलं तर हेड फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) द्या. ब्लॉकलाही हीच पट्टी लावा, लोक ते विसरतात आणि दुसरं गॅस्केटही जातं. हेड नेताय तर फेसिंगआधी प्रेशर टेस्ट करून मागा. दोन व्हॉलच्या मधली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, आणि चिरलेल्या हेडवर फेसिंगचा खर्च का करायचा?

बसवताना तीन गोष्टी. ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी करा. तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट त्याच्यावरच टेकतो, टॉर्क पाना "टक्" म्हणतो आणि हेड मात्र दाबलंच गेलेलं नसतं. वाईट म्हणजे ब्लॉकही तडकू शकतो. दुसरं, पृष्ठभाग खरवडायला पॉलिश पेपरचं चाक लावू नका, अॅल्युमिनियमला खड्डे पडतात आणि धूळ बेअरिंगपर्यंत जाते. प्लास्टिकची पट्टी आणि थिनर पुरतं. तिसरं, मॅन्युअल सांगत नसेल तर गॅस्केटला अॅनाबाँड, शेलॅक वगैरे चिकट सीलर काही लावायचं नाही. जादा सिलिकॉन आत सुटतं आणि ऑइलची बारीक वाट बुजवतं.

बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच. हाताच्या अंदाजाने कसणारे जुने मिस्त्री आहेत, त्यांचा हात वीस वर्षांत तयार झालाय. टॉर्क पाना एका दिवसासाठी भाड्याने किंवा उसना मिळतो. काही नव्या इंजिनांचे बोल्ट ठरावीक अंशांनी ताणायचे असतात आणि ते दुसऱ्यांदा वापरत नाहीत, त्यामुळे आधी मॅन्युअल वाचा. काही किलोमीटर चालवून बोल्ट परत कसायचे की नाही, हेही गॅस्केटच्या प्रकारावर ठरतं. पाकिटावरची सूचना पाळा.

रॅडिएटरमध्ये ओतायची गळती बंद करणारी पावडर किंवा बाटली दुकानदार पुढे करेल. ती फुटलेलं गॅस्केट सांधत नाही, रॅडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्या मात्र हमखास बुजवते.

पहिले पंधरा दिवस

रोज सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी बाटलीवर पेनाने खूण करून बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी उतरेल, ती उरलेली हवा निघून गेल्याची. त्यानंतर खूण हलता कामा नये. डिपस्टिक रोज पुसून रंग पाहा. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, आत राहिलेला खरवडलेला कचरा आणि पाण्याचा अंश त्याबरोबर निघतो. त्याच दिवशी टॅपेटची फट परत मोजा, गरजेप्रमाणे सेट करा. मग टाकीत पेट्रोल, डिकीत पाच लिटर पाण्याचा कॅन, आणि भर दुपारी पसरणी घाट. पाचगणीला पोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं स्लोवर राहू द्या, पंखा चालू होऊन बंद होताना ऐका. खाली उतरल्यावर, गाडी रात्रभर गार झाली की, खुणेवर पातळी आहे का ते एकदा बघा.